‘एक शब्दही बदलायचा नाही’ : बालकादंबरीची पटकथा करताना

प्रश्न थोडक्यात असा: ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ पाहिला. त्यातली लेखिका मिशा, लाल रंग, घराचा नंबर असल्या बारीकसारीक गोष्टींवरून अडून बसते. आमचंही तसंच झालंय. एका जुन्या, गाजलेल्या मराठी बालकादंबरीवर सिनेमा करायचा आहे. लेखक हयात नाहीत. वारस म्हणतात, एक शब्दही बदलायचा नाही. पुस्तक सुट्या सुट्या प्रकरणांचं आहे. सुरुवात कुठून करायची आणि बदल किती करायचे?

उत्तर:

आधी त्या मिशांबद्दल बोलू, कारण तुमच्या अडचणीचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: २०१३चा सिनेमा, दिग्दर्शक जॉन ली हॅनकॉक, गोष्ट १९६१ची. ‘मेरी पॉपिन्स’, म्हणजे बँक्स कुटुंबातली मुलं सांभाळणाऱ्या जादूगार आयेच्या गोष्टी, त्यांच्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स (एमा थॉम्पसन) लंडनहून कॅलिफोर्नियात, त्यावर सिनेमा करू पाहणाऱ्या डिस्नी स्टुडिओत येतात आणि जवळजवळ दोन आठवडे पटकथेच्या बैठकांना बसतात. समोर पटकथाकार डॉन डाग्राडी आणि गाणी करणारे रिचर्ड व रॉबर्ट शर्मन हे भाऊ. बाई म्हणतात: मुलांचे वडील मिस्टर बँक्स यांना मिशा नकोत, सिनेमात लाल रंग नको, ॲनिमेशन तर मुळीच नको. या बैठका खरोखर टेपवर आहेत. बाईंनीच तसा आग्रह धरला होता, आणि सिनेमा संपल्यावर नामावलीच्या जोडीला त्या टेपचा एक तुकडा ऐकू येतो.

बाईंचं मूळ नाव हेलन लिंडन गॉफ. जन्म १८९९चा, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मेरीबरोचा. वडील ट्रॅव्हर्स गॉफ बँकेत मॅनेजर होते, नंतर त्यांना खालच्या जागेवर आणलं गेलं, पिणं होतंच, आणि १९०७ मध्ये ॲलोरा या गावी ते वारले. मुलगी सात वर्षांची होती. मोठी झाल्यावर तिने आडनाव म्हणून वडिलांचं पहिलं नाव घेतलं. पुस्तकातले मिस्टर बँक्सही बँकेतच नोकरीला आहेत. एवढं कळल्यावर मिशांचा आग्रह हट्ट वाटत नाही. एका माणसाचा चेहरा परक्यांच्या हाती जातोय, ही त्यामागची भीती आहे. पण बैठकीत ती भीती कुणी तशी बोलून दाखवत नाही, तोंडातून येतात त्या मिशा.

म्हणून पुढच्या बैठकीला एक वही न्या आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे वारस काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. उजवी बाजू घरी आल्यावर भरा: हे म्हणताना त्यांना कशाची भीती वाटत असेल? ‘गावाचं नाव बदलू नका’ याच्या मागे बहुतेक वेळा ‘आमचं घर, आमची माणसं पुसली जातील’ हे असतं. ‘भाषा बदलू नका’ याच्या मागे ‘विनोदासाठी हिचं काहीतरी थिल्लर करून टाकाल’ हे असतं. उत्तर उजव्या बाजूला द्यायचं. गावाचं नाव ठेवून घर पुसलंत तर तुम्ही अट पाळली आणि माणसं गमावली. उलट गावाचं नाव चित्रीकरणाच्या सोयीसाठी बदललंत, पण ओसरी, विहीर, शाळेची वाट पुस्तकातल्यासारखी ठेवलीत, तर बहुतेक वारस मान डोलावतात.

बैठकीत ‘काय बदललं तर चालेल?’ असं विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं: काहीच नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. घरात हे पुस्तक मोठ्याने वाचलं जायचं तेव्हा कुठलं प्रकरण पुन्हा पुन्हा मागितलं जायचं? वाचक भेटले की लेखकाला कशाबद्दल विचारायचे? आणि लेखकाला स्वतःला कुठलं प्रकरण कच्चं वाटायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं, कारण तिथे बदल करायला लेखकाचीच परवानगी मिळते. ट्रॅव्हर्सबाईंनी स्वतः ‘मेरी पॉपिन्स’मधलं ‘बॅड ट्यूसडे’ हे प्रकरण १९६७ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये बदललं, कारण त्यातली निरनिराळ्या वंशाच्या लोकांची चित्रणं टोचणारी होती. जुन्या मराठी बालवाङ्मयातही जात, रंग, व्यंग यांवरून केलेली चेष्टा ठिकठिकाणी सापडेल. ती तशीच पडद्यावर नेऊ नका. लेखक आज असते तर काय केलं असतं, हा प्रश्न वारसांना त्या पानावर बोट ठेवून विचारता येतो.

आता एक सावधगिरी. ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’ हा सुद्धा रूपांतराचाच सिनेमा आहे, आणि त्याने सत्याला बरीच मुरड घातली आहे. त्यात बाई शेवटपर्यंत सही करत नाहीत आणि वॉल्ट डिस्नी लंडनला जाऊन त्यांची समजूत काढतात. प्रत्यक्षात बाई स्टुडिओत आल्या तेव्हा करार आधीच झालेला होता, आणि त्या दोन आठवड्यांतला बराचसा काळ वॉल्ट पाम स्प्रिंग्जला निघून गेले होते. गाडीचा तो प्रेमळ ड्रायव्हर काल्पनिक आहे. बाईंचा दत्तक मुलगा सिनेमात कुठेच नाही. आणि ‘मेरी पॉपिन्स’ सिनेमाच्या २७ ऑगस्ट १९६४च्या प्रीमियरला बाई रडल्या हे खरं असलं, तरी ते अश्रू समाधानाचे होते असं मानायला आधार नाही. सिनेमा संपल्यावरही त्या ॲनिमेशन काढून टाका म्हणत होत्या.

हे सांगण्याचं कारण असं की सिनेमा पाहून ‘मनापासून बोललं की वारस विरघळतात’ एवढंच डोक्यात राहतं. प्रत्यक्षात निकाल लावला तो कराराच्या शब्दांनी. बाईंकडे पटकथेला मंजुरी देण्याचा हक्क होता, संकलनावर नव्हता. म्हणून ॲनिमेशनमधले पेंग्विन नाचले ते नाचलेच. आणि त्याची किंमतही मोजावी लागली: त्या हयात असेपर्यंत (१९९६) दुसरा भाग झाला नाही, आणि रंगभूमीवरच्या संगीतिकेला परवानगी देताना त्यांनी अट घातली की मूळ सिनेमाशी संबंधित कुणीही, विशेषतः शर्मन बंधू, त्यात नकोत. ती संगीतिका २००४ मध्ये आली.

तेव्हा कागदपत्रांवर वेळ घालवा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण मराठीत सिनेमे अडकतात ते इथेच.

पहिलं म्हणजे हक्क नेमके कुणाकडे आहेत ते बघा. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं आहे. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणून ‘फास्टर फेणे’ची पुस्तकं २०६१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. तुमच्या लेखकाचं वर्ष असंच मोजा. हक्क शिल्लक असतील तर मृत्युपत्र आहे का ते विचारा, नसेल तर सगळ्या कायदेशीर वारसांच्या सह्या लागतील. परदेशातली बहीण, दुरावलेला भाऊ, सगळेच. एकाची सही राहिली तर प्रदर्शनाच्या आठवड्यात नोटीस येते. प्रकाशकाचा जुना करारही मागा. कित्येकदा तो एका पानाचं पत्र असतो आणि त्यात ‘सर्व हक्क’ असा शब्द असतो. मग प्रकाशकाची ना-हरकत लेखी घ्यावी लागते. पुस्तकातली चित्रं वेगळ्या चित्रकाराची असतील तर त्यांचा हक्क वेगळा असतो. पात्राचा चष्मा, टोपी, केसांची झुलपं हे सगळं मजकुरात नसून फक्त चित्रात असेल, तर ते तसंच उचलू नका.

दुसरं, करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. कायदा सांगतो की मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरायचं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ओटीटीवर जगभर दाखवायला तुमच्याकडे हक्कच नाही असं निघू शकतं. आणखी एक कलम बहुतेकांना माहीत नसतं: हक्क घेऊन एका वर्षात वापरले नाहीत तर ते लयाला जातात, करारात वेगळं लिहिलं असेल तरच टिकतात. मराठी सिनेमाला पैसे उभे करायला वर्ष सहज जातं. म्हणून आधी १२ ते १८ महिन्यांचा पर्याय-करार (तेवढ्या मुदतीपुरते हक्क आपल्यासाठी राखून ठेवणारा) थोड्या रकमेवर करा, त्यात मुदतवाढीची तरतूद ठेवा, आणि पूर्ण हक्कांची रक्कम चित्रीकरण सुरू होण्याच्या दिवसाला बांधा.

तिसरं, कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. हक्क विकल्यानंतरही, कृतीचा विपर्यास होऊन आपल्या नावाला बाधा येत असेल तर लेखक आक्षेप घेऊ शकतो, आणि त्याच्या पश्चात कायदेशीर प्रतिनिधीही. मन्नू भंडारी आपल्या कादंबरीवरच्या सिनेमातल्या बदलांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९८६ मध्ये न्यायालयाने हे संरक्षण ठामपणे मान्य केलं. बदल करूच नयेत असा याचा अर्थ होत नाही. कुठले बदल होणार हे आधी लेखी दाखवा, एवढाच बोध घ्या.

चौथं, मंजुरी टप्प्याटप्प्याने बांधा. माझ्या मते तीनच टप्पे पुरेसे आहेत. पहिला: एका पानावर ‘या गोष्टी बदलणार नाहीत’ अशी यादी, पाच ते सात मुद्दे, दोन्ही बाजूंच्या सह्या. दुसरा: वन-लाइनर, म्हणजे दृश्यागणिक एकेक ओळ. तिसरा: बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे संवादांसह पूर्ण झालेली पटकथा. प्रत्येक टप्प्याला १५ दिवस, त्यात लेखी उत्तर आलं नाही तर मंजुरी धरायची, आणि वारसांतर्फे बोलणारी व्यक्ती एकच. संकलनाच्या वेळी त्यांना एकदा सिनेमा दाखवा, सूचना लेखी घ्या, पण शेवटचा शब्द कुणाचा हे करारात नीट लिहा. ‘यांच्या कादंबरीवर आधारित’ की ‘कादंबरीवरून प्रेरित’ हेही तेव्हाच ठरवा. प्रदर्शनाच्या तोंडावर या एका शब्दावरून भांडणं होतात.

आता खरं काम.

पुस्तक तीनदा वाचा. पहिल्यांदा सलग, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्यांदा प्रत्येक प्रकरणासाठी एक कार्ड करा आणि त्यावर चारच ओळी लिहा: मुलाला काय हवं होतं, कोण आडवं आलं, शेवटी काय बदललं, आणि डोळ्यांना काय दिसतं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचा, शक्यतो मुलांना. कार्डावर तिसरी ओळ रिकामी राहिली तर ते प्रकरण वाचायला गोड असलं तरी पडद्यावर थांबून राहील. सुट्या प्रकरणांच्या पुस्तकात अशी कार्डं निम्मी तरी निघतात. घाबरू नका, ती वाया जात नाहीत.

‘मेरी पॉपिन्स’च्या पहिल्या पुस्तकात (१९३४) बारा प्रकरणं आहेत. सिनेमाने त्यातली मोजकीच घेतली. पुस्तकात बँक्सांची मुलं चार, सिनेमात दोन. पुस्तकाचा काळ १९३०च्या दशकातला, सिनेमाने तो १९१०वर नेला. ‘डे आउट’ या प्रकरणात मेरी सुट्टीच्या दिवशी एकटीच आपल्या मित्राबरोबर, बर्टबरोबर, फरशीवरच्या खडूच्या चित्रात शिरते, मुलं सोबत नसतात. सिनेमात मुलं बरोबर जातात. हे बदल कामाचे आहेत, कारण प्रेक्षक मुलांच्या डोळ्यांनी बघतोय, आणि मुलं नसतील तर ती जादू कुणाला दिसणार?

पण सगळ्यात शिकण्यासारखं आहे ते दोन पेनींचं प्रकरण. पुस्तकात सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या बाहेर एक बाई पक्ष्यांसाठी चुरा विकत बसते, दोन पेनीला एक पिशवी. सुंदर प्रकरण आहे, पण त्यातून पुढे काही घडत नाही. पटकथाकारांनी ती दोन पेनी बँक्सांच्या मुलाच्या, मायकेलच्या मुठीत दिली. त्याला पक्ष्यांना दाणे घालायचेत. वडील त्याला बँकेत नेतात आणि म्हणतात, पैसे खात्यात टाक. म्हातारा संचालक ती नाणी त्याच्या हातातून ओढून घेतो. पोरगा ओरडतो, माझे पैसे परत द्या. ते ऐकून इतर खातेदार घाबरतात आणि आपापले पैसे काढायला धावतात. बँकेचा व्यवहार बंद पडतो. वडिलांना रात्री बोलावून नोकरीवरून काढतात. आणि मग तो माणूस घरी येऊन मुलांचा फाटलेला पतंग दुरुस्त करतो. पुस्तकातलं एक शांत प्रकरण सिनेमाचा कणा झालं, आणि त्यासाठी नवा खलनायक आणावा लागला नाही.

तुमच्या कार्डांवर हेच करून बघा. कार्डं जमिनीवर मांडा. दोन कार्डांमध्ये ‘आणि मग’ म्हणावं लागत असेल तर सांधा कच्चा आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ म्हणता आलं तर पक्का. प्रसंगांचा क्रम बदलायला लागला तरी बदला. मुलांना पुस्तकाचा क्रम क्वचितच आठवतो, प्रसंग मात्र नीट आठवतात. आणि ‘म्हणून’ जुळवायला बहुतेक वेळा एखादी वस्तू पुरते: नाणं, शिट्टी, हरवलेली वही. ही वस्तू पुस्तकातलीच शोधा. बाहेरून आणलेली वस्तू वारसांच्या आधी वाचकांना खुपते.

पतंगाचंही बघा. पतंग आहे दुसऱ्या पुस्तकात (१९३५). तिथे मुलं पतंग उडवत असतात आणि दोरी गुंडाळताना टोकाला पतंगाऐवजी मेरी पॉपिन्स खाली येते. सिनेमाने तो पतंग वडिलांच्या हाती दिला. ‘सेव्हिंग मिस्टर बँक्स’मध्ये याच ठिकाणी लेखिका पहिल्यांदा सैलावते, उठून पावलं टाकते. त्याआधी ती उसळलेली असते: आया हवी म्हणून मुलांनी लिहिलेली जाहिरात बाप फाडतो, इतका निष्ठुर का केलात त्याला? आक्षेप होता फाडण्यावर. उत्तर फाडण्याचं दृश्य काढून मिळालं नाही. बापाच्या हाताला नंतर काहीतरी जोडायला दिलं, तेव्हा ते मिळालं. वहीची उजवी बाजू म्हणतोय ती हीच.

मूळ पुस्तकात वर्षानुवर्षं जपलेला एखादा खोल घाव असेल तर तो कसा दाखवायचा, याचाही चांगला नमुना या सिनेमात आहे. हॉटेलच्या खोलीत फळांची टोपली येते. बाई त्यातली पेअर उचलून बाहेर भिरकावतात. प्रेक्षकाला वाटतं, विक्षिप्त बाई. बऱ्याच वेळाने, लहानपणच्या भागात, आजारी वडील पेअर मागतात. मुलगी ती घेऊन येते तोवर उशीर झालेला असतो. फळं जमिनीवर घरंगळतात. एकही वाक्य समजावून सांगत नाही. दोन्ही दृश्यांत मुद्दाम मोठं अंतर ठेवलंय. ही दोन दृश्यं लागोपाठ आली असती तर दोन्ही फुकट गेली असती.

निवेदक असलेल्या पुस्तकात मात्र वेगळीच पंचाईत होते, आणि मराठी बालवाङ्मयात निवेदक जागोजागी आहे. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बेचाळीस रात्री, आश्रमातल्या मित्रांना श्याम आठवणी सांगतोय. प्रत्येक रात्रीत प्रसंग आणि त्यावरचं भाष्य एकमेकांत विणलेलं आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३चा सिनेमा, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, या पुस्तकातून उभा राहिला. पटकथाकाराने त्यातली एखादी रात्र घेऊन स्वतः हात घालून बघावा. ‘अळणी भाजी’ घेऊ. भाजीत मीठ नाही. वडील काही न बोलता जेवतात, आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. पुस्तकात दुसऱ्याचं मन जपण्याबद्दलचे शब्द आहेत, आणि वाचताना ते हवेसे वाटतात. पडद्यावर ते शब्द ऐकवले की प्रसंग मरतो. तिथे लागतात तीन शॉट: पहिला घास, मिठाकडे जाऊन थांबलेला हात, आणि पुढचा घास जरा मोठा घेतलेला. मुलगा हे बघतो. आई नंतर स्वतःचा घास घेते. संवाद शून्य. निवेदकाचा आवाज ठेवायचाच असेल तर जे दिसत नाही त्यासाठीच ठेवा, आणि संपूर्ण पटकथेत त्याची लांबी मोजून तीन-चार पानांच्या आत आवरा.

काळ बदलावा का? ‘फास्टर फेणे’चा २०१७चा सिनेमा आजच्या पुण्यात घडतो, फेणे शाळकरी पोरगा न राहता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण होतो, आणि खुद्द भा. रा. भागवत हे पात्र म्हणून त्यात येतात; ती भूमिका दिलीप प्रभावळकरांची. लेखकालाच गोष्टीत आणून जुन्या वाचकाचा हात धरला, ही मला त्यातली फार समंजस युक्ती वाटते. वय वाढवल्याने मात्र आठ-दहा वर्षांच्या मुलांचा हक्काचा नायक थोडा दूर जातो, तो हिशेब आधीच करायला हवा. आणि काळ आजचा केलात तर मोबाइलचं काय करायचं ते पहिल्याच पानावर ठरवा. जुन्या बालकादंबऱ्यांतली निम्मी रहस्यं ‘निरोप पोहोचला नाही’ यावर उभी असतात. प्रत्येक वेळी बॅटरी संपवून भागत नाही. दुसऱ्यांदा संपली की मुलं चुळबुळतात. माझा कल असतो पुस्तकाचा काळ ठेवण्याकडे. खर्च कपडे, वाहनं, रस्त्यावरच्या पाट्या यांत वाढतो, म्हणून बाहेरची दृश्यं कमी आणि घर, शाळा, रान यांत जास्त लिहा.

लांबी: पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट. मुलांच्या सिनेमाला १०० ते ११० पानं बास. १९६४चा ‘मेरी पॉपिन्स’ १३९ मिनिटांचा आहे, पण त्यातली बरीच मिनिटं गाण्यांची आहेत. तुमच्याकडे गाणी नसतील तर तेवढी लांबी पेलणार नाही.

एक गोष्ट पटकथाकार हमखास विसरतात, आणि ती नंतर निर्मात्याला रडवते: बालकलाकारांचे तास. २०१७च्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. चित्रीकरणाच्या जिल्ह्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, तिच्यासोबत दिलेलं हमीपत्र सहा महिने चालतं. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि मुलाच्या मानधनाचे किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आपली शिफ्ट असते बारा तासांची. मुलगा प्रत्येक दृश्यात असेल तर दिवसातले सात तास युनिट हात बांधून बसेल. म्हणून लिहितानाच दर तीन-चार दृश्यांमागे एक दृश्य मोठ्यांचं ठेवा, किंवा मुलगा फक्त ऐकतोय असं, म्हणजे त्याचे शॉट वेगळे घेता येतात. सहा ते आठ वर्षांच्या पात्राचे पुढचे दात पडतात, बारा-तेराच्या मुलाचा आवाज फुटतो. पावसाळा आणि उन्हाळा असे दोन ऋतू लिहिले असतील तर मधल्या सहा महिन्यांत चेहरा बदलेल. गोष्टीत वर्षभराचं अंतर नसेल तर एकाच ऋतूत आटपा. बैल, कुत्रा, पोपट लिहिला असेल तर प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी लागते, तेव्हा ‘पोपट’ हे सजावटीसाठी लिहू नका.

संवादांबद्दल थोडंच. पुस्तकातलं प्रसिद्ध वाक्य किंवा फेणेच्या ‘ट्टॉक’सारखा उद्गार वगळू नका, पण दर दृश्यात पेरूही नका. सबंध सिनेमात तीनदा पुरे: एकदा ओळख व्हायला, एकदा चुकीच्या वेळी, एकदा जिथे प्रेक्षक स्वतः म्हणेल तिथे. मुलांच्या तोंडी मोठ्यांची समज घालू नका. नऊ वर्षांचं पोर ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणत नाही, ते ‘शप्पथ’ म्हणतं.

दुसरा ड्राफ्ट झाला की मंजुरीला पाठवण्याआधी एक चाचणी करा. आठ ते बारा वयाची दहाएक मुलं जमवा, निम्म्यांनी पुस्तक वाचलेलं, निम्म्यांनी नाही. एकाने पटकथा मोठ्याने वाचायची, दृश्याची वर्णनं गाळून नव्हे, सगळी. तुम्ही वाचू नका, बाजूला बसून पानाचा क्रमांक टिपत राहा: कुठे एकाने पाय हलवायला सुरुवात केली, कुठे पाणी मागितलं, कुठे कुणी ‘असं नाहीये पुस्तकात’ म्हणालं. शेवटची नोंद वेगळ्या रंगाने करा. पुस्तक न वाचलेली मुलं त्याच पानावर गुंतलेली असतील तर बदल टिकेल. दोन्ही गट त्याच पानावर सुटले असतील तर ते पान दुरुस्त करा, मगच प्रत वारसांकडे जाऊ द्या, सोबत तो एका पानाचा, सह्यांचा कागद जोडून.